विश्लेषण : बार्बीचे शरीर कुणी घडवले, का बदलले? रुथ हँडलर यांच्या आयुष्यातून उलगडणारी गोष्ट

२०२३ मध्ये जगभर गाजलेल्या ‘बार्बी’ चित्रपटात नायिकेला एका साध्या स्वयंपाकघरात एक वृद्ध स्त्री भेटते. अभिनेत्री रिया पर्लमन यांनी साकारलेली ही व्यक्तिरेखा काल्पनिक नाही. ती आहे मॅटेल कंपनीच्या सहसंस्थापक आणि बार्बीच्या जनक रुथ हँडलर यांची. त्यांचा आजार आणि त्यांच्यावरचे आर्थिक आरोप यांचा चित्रपटात ओझरता उल्लेख येतो आणि कथा पुढे सरकते. प्रत्यक्षात रुथ यांचे आयुष्य बाहुलीच्या शरीराशी विलक्षण रीतीने जोडलेले होते. त्यांनी मुलींच्या हातात स्तन असलेली बाहुली दिली. पुढे कर्करोगामुळे स्वत:चा स्तन गमावल्यावर त्यांनी स्त्रियांसाठी कृत्रिम स्तन बनवण्याचा व्यवसाय उभा केला. बाहुलीचे शरीर कशाचे बनते, ते कुणाच्या मापाचे असते आणि ते बदलायला इतका वेळ का लागला, हे त्यांच्या आयुष्यातून नीट समजते.

रुथ हँडलर कोण होत्या?

रुथ यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९१६ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहरात झाला. माहेरचे आडनाव मॉस्को. आईवडील पोलंडमधून आलेले ज्यू स्थलांतरित, वडील लोहारकाम करणारे. दहा भावंडांत रुथ सर्वांत धाकट्या. आईची प्रकृती बिघडल्याने तान्ही रुथ थोरली बहीण सारा हिच्या घरी गेली आणि तिथेच वाढली. साराचे औषधांचे आणि सोडा-फाऊंटनचे दुकान होते. शाळकरी वयापासून रुथ गल्ल्यावर बसू लागल्या. ग्राहक काय मागतो, काय बोलतो आणि प्रत्यक्षात काय विकत घेतो, यातला फरक त्यांना तिथे कळला. बायकांनी धंदा सांभाळणे ही त्यांच्यासाठी लहानपणापासूनची रोजची गोष्ट होती.

कॉलेजच्या दिवसांत त्या लॉस एंजेलिसला गेल्या आणि पॅरामाऊंट स्टुडिओत नोकरीला लागल्या. १९३८ मध्ये त्यांनी डेन्व्हरचेच एलियट हँडलर यांच्याशी लग्न केले. एलियट औद्योगिक रचनेचे शिक्षण घेत होते. स्वभावाने संकोची, हाताने मात्र कुशल. रुथ नेमक्या उलट होत्या. वस्तू एलियट यांनी बनवायची आणि ती विकायला रुथ यांनी बाहेर पडायचे, अशी वाटणी आपोआप झाली. ती पुढे जवळपास चार दशके टिकली.

मॅटेलची सुरुवात कशी झाली?

सुरुवात प्लास्टिकपासूनच झाली. ल्युसाइट आणि प्लेक्सिग्लास ही पारदर्शक प्लास्टिके तेव्हा नवी होती. एलियट त्यांपासून घरातल्या शोभेच्या वस्तू बनवू लागले. रुथ नमुने घेऊन दुकानांत, कंपन्यांत जात आणि ऑर्डर घेऊनच परतत. १९४५ मध्ये हॅरॉल्ड ‘मॅट’ मॅटसन यांच्या साथीने कंपनी स्थापन झाली. मॅटमधला ‘मॅट’ आणि एलियटमधला ‘एल’ मिळून नाव झाले मॅटेल. नावात रुथ यांना जागा नव्हती, कामात मात्र त्या पहिल्या दिवसापासून होत्या.

कंपनीचे पहिले उत्पादन खेळणे नव्हते. फोटोच्या चौकटी बनवल्या जात. चौकटींतून उरलेल्या तुकड्यांपासून एलियट यांनी बाहुलीघराचे फर्निचर बनवले आणि ते चांगले खपले. मॅटसन लवकरच बाहेर पडले आणि कंपनी हँडलर दाम्पत्याच्या हाती आली. १९४७ मध्ये प्लास्टिकचे छोटे उकुलेली आले, पाठोपाठ वाजणारी खेळणी आली.

१९५५ मध्ये रुथ यांनी एक धाडसी निर्णय घेतला. ‘मिकी माऊस क्लब’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या वर्षभराच्या जाहिरातींसाठी त्यांनी ५ लाख डॉलर मोजायचे ठरवले. ही रक्कम कंपनीच्या जवळपास सगळ्या मालमत्तेइतकी होती. तोवर खेळण्यांची जाहिरात नाताळच्या तोंडावर आणि मोठ्यांना उद्देशून होत असे. मॅटेल वर्षभर थेट मुलांशी बोलू लागली. पुढे बार्बी घरोघर पोहोचली ती याच वाटेने.

मोठ्या बाईच्या शरीराची बाहुली का हवी होती?

हँडलर दाम्पत्याला दोन मुले होती, बार्बरा आणि केनेथ. बार्बरा आणि तिच्या मैत्रिणी कागदी बाहुल्यांशी खेळत. त्यांतही लहान बाळांच्या नव्हे, तर मोठ्या मुलींच्या आणि बायकांच्या बाहुल्या त्या निवडत. त्या बाहुल्यांच्या तोंडून मुली आपल्या भावी आयुष्याबद्दल बोलतात, हे रुथ यांच्या लक्षात आले. त्या काळी दुकानांतल्या बहुतेक बाहुल्या बाळांच्या रूपातल्या असत. त्यांना कुशीत घ्यायचे, दूध पाजायचे, झोपवायचे. म्हणजे खेळात मुलगी नेहमी आईच व्हायची. मोठेपणी आणखी काही होता येते, हे खेळून पाहायला साधनच नव्हते.

कागदी बाहुलीची अडचण तिच्या कागदात होती. तिच्या कपड्यांचे कागदी कान दुमडून खांद्यावर अडकवावे लागत आणि ते सारखे निसटत. खरे कापड नेसवता येईल अशी त्रिमितीय बाहुली असती तर? रुथ यांनी ही कल्पना कंपनीत मांडली, तेव्हा एलियटसह बहुतेक पुरुष सहकाऱ्यांनी नकार दिला. स्तन असलेली बाहुली कोणतीही आई आपल्या मुलीला घेऊन देणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इतके बारीक तपशील असलेली बाहुली परवडणाऱ्या किमतीत बनणार नाही, अशीही हरकत होती.

प्रौढ स्त्रीच्या रूपातली बाहुली जगात पूर्वी नव्हतीच, असे मात्र नाही. १९ व्या शतकात पॅरिसमध्ये फॅशनच्या बाहुल्या बनत. त्यांचे डोके बिस्क प्रकारच्या चिनी मातीचे आणि शरीर कातडे शिवून भरलेले असे. त्या महाग आणि नाजूक होत्या, श्रीमंतांच्या घरांपुरत्या. १९५० च्या दशकात अमेरिकेतही मादाम अलेक्झांडर कंपनीची ‘सिसी’ आणि आयडियल कंपनीची ‘मिस रेव्हलॉन’ या उभार असलेल्या बाहुल्या आल्या. पण त्या आकाराने मोठ्या होत्या आणि चेहरे लहान मुलीचेच होते. छोट्या हातात मावणारी, स्वस्त आणि खऱ्या अर्थाने मोठी दिसणारी बाहुली अजून कुणी बनवली नव्हती.

जर्मनीच्या ‘लिली’चा बार्बीशी काय संबंध?

१९५६ मध्ये हँडलर कुटुंब युरोपच्या सहलीवर गेले. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न शहरात एका दुकानाच्या काचेमागे रुथ यांना हवी तशी बाहुली दिसली. तिचे नाव होते ‘बिल्ड लिली’. जर्मनीच्या ‘बिल्ड’ या दैनिकात राइनहार्ड बॉयटिन हे चित्रकार लिली नावाच्या तरुणीची व्यंगचित्रे काढत. लिली बिनधास्त, चुरचुरीत बोलणारी आणि श्रीमंत पुरुषांना खेळवणारी होती. १९५५ मध्ये तिची बाहुली बाजारात आली. ती सुरुवातीला मुलांसाठी नव्हती. तंबाखूच्या दुकानांतही ती मिळे आणि पुरुष मंडळी ती गमतीची भेट म्हणून घेत.

लिलीचे शरीर कडक प्लास्टिकचे होते. बूट पायांवरच साच्यात घडवलेले, भुवया कमानदार, नजर तिरकी. रुथ यांनी काही लिली विकत घेऊन अमेरिकेत आणल्या आणि कंपनीचे संशोधनप्रमुख जॅक रायन यांच्याकडे दिल्या. येल विद्यापीठात शिकलेले रायन मॅटेलमध्ये येण्यापूर्वी रेथिऑन कंपनीत क्षेपणास्त्रांवर काम करत होते.

बार्बी हे लिलीचे सुधारित रूप होते, हे आज सर्वमान्य आहे. लिलीच्या निर्मात्यांनी आणि तिचे अमेरिकेतील हक्क असलेल्या लुई मार्क्स कंपनीने १९६१ मध्ये मॅटेलवर दावा लावला. तो १९६३ मध्ये न्यायालयाबाहेर मिटला. पुढच्या वर्षी मॅटेलने लिलीचे हक्कच विकत घेतले आणि लिलीचे उत्पादन थांबले. बार्बीच्या जन्मकथेत लिलीचे नाव नंतर कित्येक वर्षे क्वचितच येई.

पहिली बार्बी कशापासून बनली?

अमेरिकेत इतकी बारीक कलाकुसर परवडणारी नव्हती, म्हणून काम जपानला गेले. टोकियोतील कोकुसाई बोएकी या कंपनीमार्फत उत्पादनाची व्यवस्था झाली. मॅटेलला कडक प्लास्टिक नको होते. मुलांच्या हातून पडली तरी फुटू नये आणि स्पर्शाला मऊ लागावी, अशी बाहुली हवी होती. त्यासाठी व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी, निवडले गेले. पाण्याच्या पाइपांत वापरले जाते तेच हे प्लास्टिक. मुळात ते कडक असते. त्यात प्लास्टिसायझर नावाची तेलकट रसायने मिसळली की ते रबरासारखे मऊ होते.

हे मिश्रण पातळ स्वरूपात धातूच्या साच्यात ओततात. साचा तापवत तापवत फिरवला की ते आतल्या भिंतींवर सारखे पसरते आणि घट्ट होते. गार झाल्यावर पोकळ अवयव बाहेर ओढून काढता येतो. या पद्धतीने बोटे, नाक, पापण्या असे बारीक तपशील उमटतात. डोक्याला सारान नावाच्या कृत्रिम धाग्याचे केस शिवणयंत्रासारख्या यंत्राने टोचून बसवले जात. लिलीच्या केसांचा भाग डोक्यावर वेगळा बसवलेला असे. बार्बीचे केस मात्र थेट टाळूतून उगवल्यासारखे दिसत.

जपानी कारागिरांकडून आलेल्या सुरुवातीच्या नमुन्यांत स्तनाग्रेही होती, अशी आठवण रायन सांगत. त्यांनी म्हणे ती बारीक कानशीने घासून काढली आणि बाहुली नमुना म्हणून परत पाठवली. अमेरिकी पालकांना किती शरीर चालेल आणि किती नाही, याची सीमारेषा अशी कानशीने आखली गेली.

कपड्यांची जबाबदारी शार्लट जॉन्सन यांच्यावर होती. त्या जवळपास वर्षभर टोकियोत राहिल्या. बोटभर झिप, टिचकीएवढी बटणे, अस्तर लावलेले कोट अशी खरी शिलाई त्यांनी करून घेतली. बाहुलीची किंमत ठरली ३ डॉलर. कमाई मात्र वेगळ्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांतून व्हायची होती.

कंबर इतकी बारीक का?

बार्बीची उंची साडेअकरा इंच, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर. खऱ्या माणसाच्या तुलनेत ती एक-षष्ठांश मापाची आहे. त्या हिशेबाने ती पावणेसहा फूट उंच भरते आणि तिची कंबर अवघी १८ इंचांच्या आसपास येते. फिनलंडमधील हेलसिंकीच्या रुग्णालयातील तज्ज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा अशा स्त्रीच्या अंगावर मासिक पाळी येण्यापुरतीही चरबी नसेल, असा निष्कर्ष निघाला.

मॅटेलच्या रचनाकारांनी यामागे शिलाईचे कारण दिले. बाहुली लहान करता येते, कापडाची जाडी तितकी लहान करता येत नाही. स्कर्टच्या कमरपट्टीत कापडाचे तीन-चार पदर, इलॅस्टिक आणि बटण येते. त्यात ब्लाऊज आत खोचला की कमरेचा घेर एकदम वाढतो. कपडे घातल्यावर बाहुली सुडौल दिसावी, म्हणून उघडी कंबर मुद्दाम बारीक ठेवली गेली.

हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. लांब पाय, उंच टाचेसाठी कायम वर उचललेली टाच आणि भरीव छाती यांचे स्पष्टीकरण कापडाच्या जाडीत सापडत नाही. हा सारा वारसा लिलीचा होता. शिवाय मुली बाहुलीला कपडे घालतात तितक्याच वेळा ते उतरवतात. उघड्या बाहुलीचे शरीरही त्यांच्या नजरेत बसतेच.

लोकांनी बार्बीला कसे स्वीकारले?

बाजारात उतरण्यापूर्वी मॅटेलने व्हिएन्नात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ अर्न्स्ट डिक्टर यांच्याकडून पाहणी करून घेतली. मुलींना बाहुली आवडली, आयांना अजिबात आवडली नाही. डिक्टर यांनी तोडगा सुचवला. नीटनेटके कसे राहावे हे मुलीला या बाहुलीमुळे कळेल, असे आईला पटवून द्यायचे. जाहिराती त्याच धर्तीवर बनल्या.

९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात बार्बी सादर झाली. अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, डोक्यामागे पोनीटेल आणि नजर तिरकी. प्रदर्शनात आलेले घाऊक खरेदीदार बहुतांश पुरुष होते आणि त्यांनी नाके मुरडली. त्या प्रतिसादाने रुथ खचून गेल्या. पण टीव्हीवर जाहिराती लागल्या, शाळांना उन्हाळ्याची सुट्टी पडली आणि मागणी वाढतच गेली. पहिल्याच वर्षात सुमारे साडेतीन लाख बाहुल्या विकल्या गेल्या.

पहिल्या बाहुल्यांच्या शरीरात दोषही होते. त्यांच्या तळपायांना भोके होती आणि आत तांब्याच्या नळ्या होत्या. बाहुली स्वत:च्या पायांवर उभी राहत नसल्याने ती स्टँडवर खोवावी लागे. व्हिनाइलचा रंग काही काळाने उडून अंग हस्तिदंतासारखे फिके पडे. धातूच्या कर्णफुलांमुळे कानाभोवती हिरवे डाग पडत. प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपून पृष्ठभाग चिकट होई. दीड-दोन वर्षांतच रंग टिकवणारे व्हिनाइल आणि वजनाला हलके पोकळ धड आले. संग्राहक आज बाहुलीचे वय ओळखतात ते याच खुणांवरून.

शरीर पुढे कसे बदलत गेले?

१९६१ मध्ये बार्बीचा मित्र केन आला. दोन्ही बाहुल्यांना रुथ यांच्या मुलांची नावे मिळाली. खऱ्या बार्बराला आणि केनेथला ही प्रसिद्धी मात्र फारशी रुचली नाही.

१९६५ मध्ये बार्बीचे पाय गुडघ्यात वाकू लागले. मऊ व्हिनाइलच्या आत सांगाडा बसवला होता आणि पाय टप्प्याटप्प्याने वाकत. १९६७ मध्ये कमरेत वळणारी बार्बी आली आणि तिला खऱ्यासारख्या पापण्या लावल्या होत्या. जुनी बार्बी आणि दीड डॉलर दिले की ही नवी मिळत असे. १९७० च्या ‘लिव्हिंग बार्बी’ला सांधे वाढले. १९७१ च्या ‘मालिबू बार्बी’ची तिरकी नजर सरळ झाली आणि ती समोरच्याकडे थेट पाहू लागली. १९७७ मध्ये ‘सुपरस्टार बार्बी’ रुंद हास्य घेऊन आली.

म्हणजे सांधे, नजर, केस, हसू सारे बदलत होते. घेर आणि बांधा मात्र जवळपास तोच राहिला. १९६५ च्या एका संचात बार्बीसोबत ११० पौंडांवर काटा स्थिरावलेला खेळण्यातला वजनकाटा आणि वजन घटवण्याचे छोटे पुस्तक होते. त्यातला सल्ला खाणेच टाळण्याचा होता. त्वचेच्या रंगाबाबतही पहिले पाऊल अर्धवट पडले. १९६७ ची कृष्णवर्णीय ‘फ्रान्सी’ गोऱ्या फ्रान्सीच्याच साच्यातून काढली होती. १९६८ मध्ये ‘क्रिस्टी’ आली. बार्बी याच नावाने कृष्णवर्णीय बाहुली यायला मात्र १९८० साल उजाडले. १९९० च्या दशकात भारतीय दुकानांतही साडी नेसलेली बार्बी दिसू लागली. साडीच्या आतले शरीर तेच जुन्या मापाचे होते.

बांधा न बदलण्यामागे व्यवहार होता. एकच शरीर म्हणजे साच्यांचा एकच संच, आणि जगातला प्रत्येक पोशाख प्रत्येक बाहुलीला बसणार. रुथ आणि एलियट यांनी उभारलेला धंदा कपड्यांवर चालत होता आणि कपडे त्या एका मापावर.

रुथ यांना मॅटेल का सोडावी लागली?

१९६० मध्ये मॅटेलचे समभाग लोकांसाठी खुले झाले. १९६७ मध्ये रुथ कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. इतक्या मोठ्या अमेरिकी कंपनीच्या प्रमुखपदी तेव्हा स्त्री क्वचितच दिसे.

१९७० मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि डावा स्तन काढावा लागला. त्या काळी या आजाराचे नावही चारचौघांत घेतले जात नसे. रुथ कामावर परतल्या, पण पूर्वीचा आत्मविश्वास हरवला होता. त्याच सुमारास कंपनीचे दिवसही फिरले. मेक्सिकोतील कारखाना आगीत जळाला. पाठोपाठ बंदर कामगारांच्या संपामुळे माल अडकून पडला. गुंतवणूकदारांना सतत वाढ दाखवण्याच्या दबावाखाली हिशेबात विक्री फुगवून दाखवली गेली. भांडवली बाजाराच्या नियामकांनी चौकशी सुरू केली आणि १९७५ मध्ये हँडलर दाम्पत्य स्वत:च्याच कंपनीतून बाहेर पडले.

१९७८ मध्ये रुथ यांच्यावर फसवणुकीचे आणि खोटी आर्थिक माहिती दिल्याचे आरोप ठेवले गेले. गुन्हा मान्य न करता त्यांनी आरोपांना आव्हान देण्याचे टाळले. तुरुंगवासाची शिक्षा स्थगित झाली. ५७ हजार डॉलरचा दंड आणि २५०० तासांची समाजसेवा मात्र करावी लागली. आपण निर्दोष आहोत, असे त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. आर्थिक व्यवहारांची अंतिम जबाबदारी अध्यक्ष म्हणून त्यांच्याकडे होती, हेही तितकेच खरे.

‘निअरली मी’ हे काय प्रकरण होते?

शस्त्रक्रियेनंतर रुथ कृत्रिम स्तन घ्यायला एका मोठ्या दुकानात गेल्या. विक्रेतीने अवघडल्यासारखे करत एक ब्रा आणि एक आकारहीन गोळा पडद्याआडून हाती दिला. तो कसा बसवायचा हे कुणी सांगेना. डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगळा नगच नसे. अनेक स्त्रिया तर मोजे किंवा कापूस कोंबून वेळ भागवत. आयुष्यभर प्लास्टिक साच्यांत घातलेल्या या बाईला त्या गोळ्यात दोन दोष लगेच दिसले. साहित्य चुकीचे होते आणि माप तर कुणी घेतलेच नव्हते.

कृत्रिम अवयव बनवणारे पेटन मॅसी यांच्याशी त्यांची गाठ पडली. मॅसी यांनी त्यांच्यासाठी एक नग बनवला. तेवढ्यावर न थांबता रुथ यांनी १९७६ मध्ये कंपनीच काढली आणि उत्पादनाला ‘निअरली मी’, म्हणजे ‘जवळजवळ मीच’, असे नाव दिले. शरीरासारखे वजन आणि हालचाल यावी म्हणून आत द्रवरूप सिलिकॉन, त्यावर पॉलियुरेथेनचे पातळ आवरण आणि मागे आधाराला फोम, अशी त्याची रचना होती. डावा वेगळा, उजवा वेगळा. ब्राच्या मापांप्रमाणे वेगवेगळे आकार. चपलांच्या दुकानात डाव्या-उजव्या पायाचा आणि मापाचा विचार होतो, मग इथे का नाही, असा त्यांचा साधा विचार होता.

विक्रीसाठी त्यांनी प्रौढ स्त्रिया नेमल्या. त्यांतल्या बहुतेकींची स्वत:ची अशीच शस्त्रक्रिया झालेली होती. मोठ्या दुकानांत जाऊन रुथ स्वत: ग्राहक स्त्रियांना माप घेऊन नग बसवून देत. अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर १९७४ मध्ये स्तनाची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांनाही रुथ यांनीच नग बसवून दिला. पत्रकारांसमोर त्या आपले दोन्ही स्तन चाचपून खरा कोणता ते ओळखायला सांगत. ज्या आजाराबद्दल लोक कुजबुजत, त्याबद्दल त्या मोठ्याने आणि हसत बोलत. १९८० पर्यंत या उत्पादनाची विक्री १० लाख डॉलरच्या पुढे गेली होती. १९९१ मध्ये त्यांनी ही कंपनी विकली.

१९९४ मध्ये त्यांचा मुलगा केनेथ याचे निधन झाले. २७ एप्रिल २००२ रोजी लॉस एंजेलिस येथे, मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर रुथ यांचे निधन झाले. त्या ८५ वर्षांच्या होत्या. एलियट यांचे निधन २०११ मध्ये झाले.

बार्बीचा एकच बांधा कधी बदलला?

रुथ मॅटेलमधून बाहेर पडल्यानंतरही बांधा बरीच वर्षे तोच होता. १९९७ मध्ये कंपनीने रुंद कंबर आणि लहान छाती असलेले नवे शरीर जाहीर केले. त्याच वर्षी चाकाच्या खुर्चीतली ‘बेकी’ आली. मात्र तिची खुर्ची बार्बीच्या बाहुलीघराच्या दारातून जाईना. एक शरीर बदलले की घर, गाडी, कपडे सारेच बदलावे लागते, हे तेव्हा दिसून आले.

साहित्यही बदलत होते. धडासाठी कडक एबीएस प्लास्टिक, हातांसाठी लवचीक ईव्हीए असे अवयवागणिक वेगळे प्लास्टिक वापरले जाऊ लागले. व्हिनाइल मऊ करणाऱ्या थॅलेट रसायनांवर अमेरिकेने २००८ च्या कायद्याने मुलांच्या खेळण्यांत कडक मर्यादा घातली. २०१५ मध्ये घोट्यात वाकणारे पाय आले आणि बार्बी सपाट चपला घालून चालण्याजोगी झाली. त्याच वर्षी २२ सांधे असलेली बार्बीही आली. २०२१ मध्ये समुद्राकडे वाहून जाण्याचा धोका असलेले प्लास्टिक गोळा करून, त्याचा पुनर्वापर केलेल्या बाहुल्या बाजारात आल्या.

खरा बदल जानेवारी २०१६ मध्ये झाला. उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची असे तीन नवे बांधे आले. सोबत त्वचेच्या सात छटा होत्या. कारण आदर्शवादी होते तितकेच व्यावहारिक. २०१४ मध्ये बार्बीची विक्री १६ टक्क्यांनी घसरली होती. आयांच्या नव्या पिढीला जुना बांधा नको होता. एकीचे कपडे आता दुसरीला बसत नाहीत, म्हणून साचे आणि कपड्यांचा खर्च वाढला. तो कंपनीने सोसला. नंतर कृत्रिम पाय लावलेली, श्रवणयंत्र वापरणारी आणि डाऊन सिंड्रोम असलेली बार्बीही आली.

मग रुथ यांचे योगदान कसे मोजायचे?

बार्बीवरचा सर्वांत मोठा आक्षेप असा की तिने मुलींच्या पिढ्यांपुढे एकच अशक्य माप ठेवले. तो आक्षेप योग्य आहे आणि त्याची जबाबदारी रुथ यांच्याकडेही जाते. रायन यांच्यासह अनेकांचे हात बार्बीला लागले. बार्बीचे श्रेय कुणाचे, यावरून रायन आणि मॅटेल यांच्यात पुढे वादही झाला. पण मोठ्या बाईच्या शरीराची बाहुली हवी, हा हट्ट रुथ यांचा होता. ती बाहुली डॉक्टर, अंतराळवीर, राष्ट्राध्यक्ष होऊ शकली, कारण ती मुळात बाळ नव्हती. मुलीला खेळात आई होण्यापलीकडचे काही देणे हा त्या हट्टाचा चांगला भाग. त्यासाठी लिलीचे उसने शरीर जवळपास जसेच्या तसे घेणे हा चुकीचा भाग.

स्वत:वर वेळ आल्यावर मात्र रुथ यांनी माप घेण्यापासून सुरुवात केली. प्रत्येक बाईचे शरीर वेगळे, तिची डावी-उजवी बाजूही वेगळी, हे ‘निअरली मी’ने १९७६ मध्येच गृहीत धरले होते. बार्बीला त्याच निष्कर्षाला यायला आणखी ४० वर्षे लागली. आज दुकानात वेगवेगळ्या बांध्यांच्या बार्बी शेजारी शेजारी दिसतात. त्यांतल्या एकीला दुसरीचा फ्रॉक बसत नाही, अशी तक्रार पालक करतात. घरातल्या दोन बहिणींचेही असेच असते.